स्वस्तातला घास आणि बसायची जागा



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं व्याख्यानाला चायनीजच्या गाड्याचा विषय घ्यावा, हे काही जणांना फारसं रुचलेलं नाही असं दिसतं. त्यांचं म्हणणं असं की, खाण्यापिण्यात कसली आली समीक्षा? आवड ज्याची त्याची. कुणाला मंच्युरियन आवडतं, कुणाला धपाटं. त्यात वाद कशाला?

हा आक्षेप साधा नाही. कांटनं १७९० साली सौंदर्याच्या निर्णयाबद्दल ग्रंथ लिहिला, त्यात त्यानं हाच भेद केला आहे. एखादी गोष्ट मला 'बरी वाटते' आणि एखादी गोष्ट 'सुंदर आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं माझ्यापुरतं. दुसऱ्यात मी इतरांच्याही संमतीची अपेक्षा करतो. आणि जिभेचं सुख त्यानं पहिल्या खात्यात टाकलं. पण त्याच्या आधी, १७५७ साली, ह्यूमनं अभिरुचीवर एक निबंध लिहिला होता. त्यात त्यानं 'डॉन किहोटे'मधली गोष्ट सांगितली. दोन जाणकारांना एका पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण थोडी चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक किल्ली सापडली.

म्हणजे काय? जीभ माझी असली, तरी किल्ली पिंपातच होती. खाण्याबद्दल वाद घालता येतो, फक्त वाद कशाबद्दल आहे हे आधी ठरवावं लागतं. आज मी तेवढंच करणार आहे. बाहेर जाऊन स्वस्तात खाणं, या गोष्टीची पारख कोणत्या कसोट्यांवर करायची? आणि त्या कसोट्या घेऊन आपल्या चौकातल्या, स्टेशनच्या रस्त्यावरच्या गाड्याकडे पाहिलं तर काय दिसतं?

कसोट्या मी हवेतून काढणार नाही. चिनी खाणं म्हटलं तर चिनी लोकांचं स्वस्तातलं बाहेरचं खाणं आधी बघू. दक्षिण चीनमधला ग्वांगडाँग प्रांत, म्हणजे जुन्या इंग्रजांचं कँटन, आणि शेजारचं हाँगकाँग. तिथं चहाची मोठी हॉटेलं असतात. सकाळी लोक तिथं जातात, त्याला ते 'याम चा' म्हणतात. अर्थ एवढाच, की चहा पिणं. पण चहाबरोबर जे बारीकसारीक खाणं येतं, त्याचं नाव 'डिमसम'. शब्दशः अर्थ लावला तर 'हृदयाला स्पर्श'. व्यवहारात त्याचा अर्थ फराळ, न्याहारी, तोंडात टाकायला काहीतरी. बांबूच्या लहान गोल टोपल्या एकावर एक रचलेल्या असतात, खालून वाफ, आणि एकेका टोपलीत तीन किंवा चार नग. कोळंबी भरलेलं 'हार गाव', डुकराच्या मांसाचं 'सिउ माय', गोडसर मांस भरलेला पांढरा पाव. पूर्वी बायका हातगाड्या ढकलत टेबलांमधून फिरायच्या. लोक झाकण उघडून बघायचे आणि हवं ते उचलायचे. टेबलावर एक कार्ड असायचं, टोपली घेतली की त्यावर शिक्का. लहान, मध्यम, मोठी असे तीन-चार दर. उठताना शिक्के मोजले की हिशेब झाला.

आता यातल्या स्वस्ताईकडे नीट बघा. ती दयेनं आलेली नाही आणि माल हलका वापरूनही आलेली नाही. ती त्या खाण्याच्या घडणीत आहे. वाटा लहान आहे, म्हणून पैसे थोडे. पैसे थोडे, म्हणून ज्याच्याकडे एका टोपलीपुरते आहेत तोही आत येऊ शकतो, आणि ज्याच्याकडे दहा टोपल्यांचे आहेत तोही. म्हातारा माणूस वर्तमानपत्र घेऊन दोन टोपल्या आणि एक किटली चहावर सकाळभर बसतो. किटलीतला चहा संपला की झाकण उलटं किंवा तिरकं ठेवायचं, वाढपी गरम पाणी घालून जातो. शेजाऱ्यानं आपल्या कपात चहा ओतला तर टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायची, ते आभार. आणि गर्दी असली, तर अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसवतात. त्यात कुणाला काही वाटत नाही.

या वर्णनातून मला तीन कसोट्या मिळतात. पहिली, निवड: कमी पैशांत माणसाला 'हे हवं, ते नको' म्हणता येतं का? दुसरी, सचोटी: जे समोर आलं आहे ते खाणाऱ्यापासून काही लपवतं का? तिसरी, जागा: तिथं कोण बसू शकतं, आणि कुणाशेजारी?

या यादीत 'अस्सल आहे का' ही कसोटी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती मी मुद्दाम ठेवलेली नाही. शहरातली शिकलेली मंडळी गाड्यावरचं मंच्युरियन बघून नाक मुरडतात, 'हे काही खरं चायनीज नव्हे' म्हणतात. नाहीच आहे. पण मिरची आणि बटाटा तरी आपला कुठं आहे? दोन्ही अमेरिका खंडातून आले, आणि आज मिरचीशिवाय मराठवाड्याचं ताट ओळखू येणार नाही. पदार्थाचा जन्मदाखला मागणं ही समीक्षा नव्हे.

जन्मदाखला मागायचा नाही, पण इतिहास माहीत असावा, कारण त्यात आपल्यावर एक देणं आहे. मुंबईत चिनी खाणं आणलं ते बरंचसं कँटनकडच्याच लोकांनी. गोदीत आणि जहाजांवर काम करणारे चिनी मुंबईत राहिले. माझगावला डॉकयार्ड रोडजवळ त्यांचं सी यिप देऊळ आहे, १९१९ सालचं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या वीर देवतेची मूर्ती. त्यांची वस्ती कामाठीपुऱ्यातल्या शुक्लाजी स्ट्रीटच्या भागातही होती. कुलाब्याचं नानकिंग, चर्चगेटचं काम्लिंग ही नावं जुन्या मुंबईकरांना आजही आठवतात. तिथलं खाणं कँटनी वळणाचं, सौम्य.

मग १९६२ आलं. युद्ध सीमेवर झालं, पण त्याची किंमत आपल्याच गावांत राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांनी मोजली. सुमारे तीन हजार माणसं, मुख्यतः आसाम आणि बंगालकडची, राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवली. त्यात बायका होत्या, लेकरं होती, इथंच जन्मलेले लोक होते. काही वर्षांनुवर्षं तिथं राहिले. पुष्कळांनी नंतर देश सोडला. रीटा चौधुरी यांची 'माकाम' ही असमिया कादंबरी याच विषयावर आहे. लोक गेले आणि खाणं राहिलं. नुसतं राहिलं नाही, पसरलं.

पसरताना ते बदललं. १९७०च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सिचुआनच्या तिखट खाण्याची ओळख झाली. तोच आपला 'शेजवान'. १९७५ साली कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग मुंबईच्या क्रिकेट क्लबात स्वयंपाकी असताना त्यांनी चिकन मंच्युरियन केलं, असं सांगितलं जातं. लसूण, आलं, हिरवी मिरची हा आपला वाटणाचा मसाला, आणि त्यात सोया सॉस व कॉर्नफ्लोअर. क्लबातून हॉटेलात, हॉटेलातून मुंबईच्या फुटपाथवर, तिथून पुण्याला, आणि पुण्याला कामाला गेलेल्या पोरांबरोबर लातूर, अंबाजोगाई, परळी करत आपल्या गावात. वाफेची टोपली मात्र वाटेत गळून पडली. आली ती कढई आणि मोठी आच.

आता कसोट्या लावू.

पहिली, निवड. इथं मी गाड्याला चांगले गुण देतो. कसे ते सांगतो. आपल्या राज्यात स्वस्त जेवणाचे सरकारी प्रयोग झालेले आहेत. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. २०२० साली प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. या योजनांना मी हसणार नाही. त्या थाळीनं किती जणांची पोटं भरली आहेत, हे टाळेबंदीत ज्यानं पाहिलं त्याला विचारा. पण थाळी जे देते ते ठरलेलं असतं. रांगेत उभा राहिलेला माणूस तिथं 'लाभार्थी' असतो. तोच माणूस संध्याकाळी गाड्यासमोर उभा राहून म्हणतो, "हाफ राईस टाक, तिखट कमी, कोबी जरा जास्त." आता तो गिऱ्हाईक आहे. त्याला विचारलं जातं, त्याचं ऐकलं जातं. मनासारखं नसेल तर तो तोंड वाकडं करू शकतो, आणि उद्या दुसऱ्या गाड्यावर जाऊ शकतो. गरिबाला भूक असते हे सगळ्यांना मान्य आहे. गरिबाला आवडही असते, हे मान्य करायला मात्र आपण तयार नसतो. ऊसतोडीहून परत आलेला पोरगा चार पैसे चायनीजवर उडवतो म्हणून आपण त्याला उधळ्या म्हणतो. मी म्हणतो, सहा महिने मुकादमानं सांगितलेलं काम, सांगितलेल्या फडात, सांगितलेल्या वेळी केल्यावर तो पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागतो आहे. 'हाफ प्लेट' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कँटनी टोपलीनं जे केलं, तेच आपल्याकडे हाफ प्लेटनं केलं. थोडक्या पैशांत माणसाला दारातून आत घेतलं.

दुसरी कसोटी, सचोटी. इथं गुण कापावे लागतात. वाफेवरचं खाणं फार उघडं असतं. हार गावची पारी इतकी पातळ आणि पारदर्शक, की आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. कोळंबी शिळी असेल तर वाफ ते सांगून टाकते. तळण आणि सॉस नेमकं उलटं करतात. लालभडक रंग, दाट रस, लसणाचा मारा. त्याखाली कोबी कालचा आहे की परवाचा, तेल कितव्यांदा तापलेलं आहे, काही कळत नाही. मी गाड्यावाल्यावर आरोप करत नाही. त्याच्याकडे फ्रीज नाही, पाणी विकतचं, जागा उद्या राहील की नाही माहीत नाही. पण समीक्षकानं सहानुभूतीपोटी चव खोटी सांगू नये. भिजलेलं पीठ आणि तिखट रंग यांपलीकडे त्या गोळ्यात पुष्कळदा काही नसतं.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण आपण दोष भलत्यावरच ठेवतो. 'अजिनोमोटो असतं, विष असतं' असं सगळे म्हणतात. ते मूळ जपानी कंपनीचं नाव. इकेडा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळापासून ते क्षार वेगळे काढले. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र आलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, धडधडतं. तिथून भीती पसरली. पुढं काटेकोर प्रयोग झाले, तेव्हा नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात ती लक्षणं सातत्यानं आढळली नाहीत. तेच द्रव्य पिकलेल्या टोमॅटोत निसर्गतः असतं. आपण परक्या नावाला घाबरतो आणि वारंवार तापलेल्या ओळखीच्या तेलाला घाबरत नाही. किल्ली पिंपात आहे खरी, पण आपण ती भलत्याच पिंपात शोधतो आहोत.

तिसरी कसोटी, जागा. ही सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथंच आहे. आपल्या समाजात 'काय खाल्लं' यापेक्षा 'कुणाच्या हातचं खाल्लं' आणि 'कुणाच्या पंगतीला बसून खाल्लं' हे प्रश्न शतकानुशतकं मोठे राहिले. खेड्यातल्या हॉटेलात दलितांचा कप वेगळा, फडताळाबाहेर ठेवलेला, ही ज्यांनी पाहिलेली गोष्ट आहे अशी माणसं या सभेत बसलेली आहेत. चायनीजच्या गाड्यानं यात एक गंमत केली. या खाण्याला आपल्याकडे जातच नव्हती. कोणत्या सणाचं नाही, कोणत्या देवाच्या नैवेद्याचं नाही, कुणाच्या आजीचं नाही. म्हणून ते कुणाच्या हातचं, हा प्रश्न विचारायला सवडच मिळाली नाही. बाकड्यावर कोण कुणाशेजारी बसलं, प्लेट कुठली कुणाची, कुणी बघत नाही. हे कमी नाही.

पण यावर खूष होऊन थांबलो, तर बाबासाहेब आपल्याला थांबवतील. १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या आपल्या न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट केलं होतं, की सहभोजनानं जात मोडत नाही. जात धर्माच्या मान्यतेवर उभी आहे आणि लग्नाच्या सीमेनं टिकते. एका बाकड्यावर नूडल्स खाणारी दोन पोरं घरी गेल्यावर आपापल्या सोयरिकींतच जातात. तेव्हा गाड्याला आपण क्रांती म्हणू नये. त्यानं एक अडथळा काढला, भिंत पाडली नाही.

आणि दुसरी गोष्ट तर त्याहून उघड आहे. आज संध्याकाळी सभा संपल्यावर जाऊन बघा. गाड्याभोवती बायका किती आहेत? मुली येतात, बाजूला उभ्या राहतात, पार्सल घेतात आणि जातात. 'पार्सल' हा शब्द आपल्याला सोयीचा वाटतो. बारकाईनं पाहिलं तर त्याचा अर्थ असा होतो, की खाणं तुमचं, जागा आमची. ज्या बाईनं दिवसभर घरात सगळ्यांचं केलं, तिला दहा मिनिटं बाकड्यावर बसून, कुणीतरी केलेलं गरम खाणं, कुणीतरी आणून दिलेलं, खाता येत नाही. बाहेर खाण्याचं सुख चवीत निम्मंच असतं. उरलेलं निम्मं वाढून घेण्यात असतं. ते गावातल्या निम्म्या माणसांना मिळत नसेल, तर तिसऱ्या कसोटीवर आपला गाडा नापास आहे. फक्त गाडा नाही, आपण सगळेच.

आता या दोन उणिवा, सचोटीची आणि जागेची, एकमेकींना जोडलेल्या आहेत, हा माझा आजचा खरा मुद्दा. कसं ते बघा.

वाफेचं खाणं आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. नागपंचमीला आपल्याकडे चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही. म्हणून त्या दिवशी पुरणाचे दिंड. कणकेची पातळ पोळी लाटायची, मधे पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची आणि चाळणीत ठेवून वाफवायची. कोकणात उकडीचे मोदक. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची, पारी करायची, पाकळ्या काढायच्या. हार गावच्या पारीचं पीठ वेगळं, गव्हाच्या सत्त्वाचं, पण रीत हीच: उकळतं पाणी घालून उकड, गरम असताना मळणं, बोटांनी चुण्या. कँटनचा आचारी चुण्या मोजून घेतो, आपली मोदक करणारी बाईही पाकळ्या मोजते. हात दोघांचेही तेवढेच तयार असतात.

मग फरक कुठं? तिकडे हे नाजूक, वेळखाऊ, बोटांचं काम घराबाहेर आलं. त्याला दर लागला, त्याला दुकान मिळालं, त्यावर माणसांची पोटं चालली. इतकंच नाही, त्याला मानही मिळाला. हाँगकाँगमध्ये तीन तारे मिळवलेल्या हॉटेलातले डिमसमचे आचारी माक क्वाय पुय यांनी ते हॉटेल सोडलं आणि २००९ साली मोंग कॉकमध्ये टिम हो वान नावाचं वीसेक खुर्च्यांचं छोटं दुकान काढलं. साध्या माणसाच्या खिशाला परवडेल असे दर ठेवले. त्या दुकानाला मिशलिनचा तारा मिळाला. स्वस्त आणि उत्तम यांत विरोध नाही, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे दिंड घरातच राहिले. वर्षातून एकदा, सणाला, बिनमोबदला. बाजारात आलं ते पुरुषाचं तळण, आणि बाईचं वाफवणं माजघरात अडकलं. चौकात बायकांना जागा नाही, म्हणून त्यांचं कसब चौकात नाही. कसब नाही म्हणून चौकातलं खाणं सॉसखाली लपलेलं. म्हणजे आपल्या जिभेवर जी चव लागते आहे, तिच्या तळाशी ही किल्ली आहे. तो दोष गाड्यावाल्याच्या हातात शोधून सापडणार नाही, तो गावाच्या मांडणीत आहे.

यावर कुणी म्हणेल, मोमो आलेत की आता, तेही वाफेचेच. आलेत. तिबेट-नेपाळकडचा हा पदार्थ महाराष्ट्रातल्या शहरांत रस्त्यारस्त्यावर पोचला, आणि माझ्या मुद्द्याला बळच देऊन गेला. वाफवलेलं रस्त्यावर विकलं जात नाही, लोकांना तिखट-तळकटच लागतं, ही सबब त्यानं काढून घेतली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्याकडे बचत गट आहेत. पापड, लोणची, शेवया करून थकले आहेत. एका गटानं आठवडी बाजाराच्या दिवशी वाफेचा गाडा लावावा. दिंड गोडाचे करा, डाळीचे करा, मेथीचे करा. चार नगांची प्लेट, दोन नगांची हाफ प्लेट, सोबत चहा. आणि ग्रामपंचायतीनं शेजारी सावलीत दोन बाकडी टाकावीत, बसून खाण्यासाठी. पहिल्या दिवशी एका बाकड्यावर बायका बसलेल्या दिसल्या, की पुढचं आपोआप होईल असं मी म्हणत नाही. आपोआप काहीच होत नाही. पण सवय अशीच लागते, बसून बसून.

भरतमुनींनी रस समजावून सांगताना जेवणाचाच दाखला दिला. नाना व्यंजनांनी संस्कारलेलं अन्न खाताना ज्याचं मन प्रसन्न आहे, त्याला चव कळते, असा त्याचा आशय आहे. प्रसन्न मन ही पाककृतीत लिहिता येणारी गोष्ट नाही. ज्याला उभ्यानं, घाईनं, कुणी बघेल या धास्तीनं खावं लागतं, त्याला ते मन कुठून मिळणार? स्वस्त खाण्याची समीक्षा करायची असेल तर ताटात बघाच, पण एकदा बाकड्याकडेही बघा. तिथं कोण बसलं आहे, आणि कोण पिशवी घेऊन घरी निघालं आहे.